सी ड्राइव्ह लाल झालाय? आधी टेम्प रिकामा करा

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, म्हणजे त्यातली जागा संपत आली, की नेरूळ-वाशीत लगेच नवी हार्ड डिस्क घ्यायला निघू नका. विंडोज १० किंवा ११ मध्ये आधी टेम्प, म्हणजे प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या फाइल्सचा फोल्डर, असा रिकामा करा.

१. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. अर्धवट राहिलेलं इन्स्टॉलेशन पूर्ण होऊ द्या. त्याच्या फाइल्स टेम्पमध्येच असू शकतात.

२. सगळे प्रोग्रॅम बंद ठेवून विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा. चौकटीत इंग्रजीत टेम्प लिहा, शब्दाच्या पुढे-मागे टक्क्याचं चिन्ह द्या आणि एंटर करा.

३. उघडलेल्या फोल्डरमध्ये सगळं निवडायला कंट्रोल-ए, मग डिलीट. ‘फाइल इन यूज’ आलं तर स्किप करा. ती फाइल आत्ता वापरात आहे, तिच्याशी झटापट नको.

४. रीसायकल बिन रिकामा करा. तोवर जागा सुटत नाही, आणि नेमकं हेच राहून जातं.

आणखी जागा हवी असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असं जा. इथे ‘डाउनलोड्स’समोर टिक असेल तर काढाच. सिडकोच्या सोडतीची पावती, मालमत्ता कराचं बिल, महावितरणची पीडीएफ बहुधा तिथेच पडलेली असते. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ मात्र नवं अपडेट नीट चालतंय याची खात्री झाल्यावरच काढा, कारण नंतर जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही.

सावधान: झिपमधून थेट उघडलेली फाइल टेम्पमध्ये असते. त्यात बदल केले असतील तर आधी ‘सेव्ह अ‍ॅज’ने दुसरीकडे ठेवा.