घशात काटा अडकला? तो भाताचा गोळा आधी खाली ठेवा

माशाचा काटा अडकला की घरातला जो तो डॉक्टर होतो. एक म्हणतो उकड्या भाताचा गोळा न चावता गिळ, दुसरी केळं सोलून आणते, तिसऱ्याचं म्हणणं सोलकढी पी, आंबटाने काटा विरघळतो. माझी अख्खी नोकरी कॅज्युअल्टीत नर्स म्हणून गेली, तेव्हा ऐका, विरघळत बिरघळत काही नाही. व्हिनेगर घ्या नाहीतर लिंबू, तो घोट लगेच पोटात जातो आणि काटा जिथल्या तिथे.

पहिलं म्हणजे जेवण थांबवा. माणसाला बोलताच येत नसेल, खोकताही येत नसेल, तर श्वास अडकलाय, मोठ्या माणसाला पाठीत पाच जोरदार थापा, मग बेंबीच्या वर पाच झटके, असं आलटून पालटून, आणि कुणीतरी 108 लावा.

बोलता येतंय तर उजेडात बसवा, चमच्याच्या दांड्याने जीभ दाबा, मोबाईलचा टॉर्च मारा. काटा बहुतेक वेळा टॉन्सिलमध्ये नाहीतर जिभेच्या मुळाशी रुततो. पांढरं टोक स्पष्ट दिसतंय आणि माणूस गप बसणारा आहे तर चिमट्याने हळू ओढा. दिसत नसेल तर बोट घालून चाचपायचं नाही, उलटीही काढायची नाही.

आता खरी गोची, काटा आहे की गेला? सुरुवातीला मलाही हे कळायला जड जायचं, कारण काटा जाता जाता ओरखडा काढून जातो आणि तो ओरखडा दिवसभर काटा असल्यासारखाच टोचतो. मी काय बघते, तर माणसाला नुसती थुंकी गिळायला लावते. दर घोटाला एकाच जागी, एकाच बाजूला सुईसारखं टोचलं, आणि तो बोटाने तीच जागा दाखवतोय, तर काटा आहे असंच धरा. ओरखडा तासातासाने बोथट होत जातो. पण थुंकी गिळता येत नाही, लाळ गळतेय, छातीत किंवा पाठीत दुखतंय, मान सुजली, थुंकीत रक्त, यातलं एक जरी असेल तर घरी थांबायचंच नाही. बाकीच्यांनी रात्र काढली आणि सकाळी टोचणं तेवढंच, तर ईएनटीकडे, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं, सोमवारची वाट बघत बसायचं नाही.

आणि त्या गोळ्यावर माझा एवढा राग का, तर टॉन्सिलमधला काटा ईएनटीवाला खुर्चीत बसवून चिमट्याने काढतो, तोच गोळ्याने रेटून अन्ननलिकेत गेला की दुर्बीण आली, बहुतेकदा भूल आली. अन्ननलिकेला हृदयातून निघणारी मोठी धमनी चिकटून असते. काट्याने भिंत फोडली तर छातीत पू होतो, क्वचित त्या धमनीलाच भोक पडतं. कधीकधी गोळ्याने काटा खरंच जातो, म्हणून तर हा सल्ला मरत नाही. वर चार केळी खाऊन आलात तर भरल्या पोटी भूल द्यायची पंचाईत, मग ताटकळत बसा.

जाताना आम्हा गोव्यातल्यांना म्हापशाचं किंवा मडगावचं सरकारी इस्पितळ, नाहीतर बांबोळीचं जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, जे जवळ असेल ते. मासा कुठला, कधी खाल्ला, कुठल्या बाजूला टोचतं आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे सांगा. एक्स-रेत काही नाही म्हणजे काटा नाही, असं समजू नका, माशाचे कितीतरी काटे एक्स-रेत दिसतच नाहीत. टोचणं चालूच असेल तर सीटी स्कॅनचं विचारा, लाजू नका.

कवळी लावणाऱ्या आजी-आजोबांना काटे काढून द्या, टाळू झाकलेला असतो, त्यांना तोंडात काटा लागतच नाही. फेणी घेऊन जेवणाऱ्यांचंही तेच, त्यांना काय सांगणार.

पोराने चपटी बटण बॅटरी गिळली तर वरचं सगळं विसरा आणि गाडी काढा, ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजते. मूल एक वर्षावरचं असेल आणि गिळता येत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्या, पण मध शोधायला दुकान फिरू नका.

काटा पोटात उतरला तर बहुतेक वेळा शौचातून निघून जातो, जुलाबाची औषधं नकोत. मात्र एखादा आतड्याला भोक पाडतो, कधी बरेच दिवसांनी, आणि उजवीकडे खाली दुखलं तर अपेंडिक्सच वाटतं. पेशंटला बहुतेक वेळा काटा गिळल्याचं आठवतही नसतं. म्हणून ताप येऊन पोट दुखत असेल तर मासे खाल्ले होते हे आपणहून सांगा, गोव्यात ते कुणी विचारत नाही, सगळे रोजच खातात.