लघवीचं दुखणं: सकाळपर्यंत केव्हा थांबू नये

मी सोलापुरात नर्स आहे. उन्हाळ्यात यंत्रमागावरचे कामगार मुतखड्याची कळ घेऊन येतात. कळ गोळीने थांबली तर सकाळी दाखवा. पण थंडी वाजून ताप आला तर रात्रीच निघा. अडलेल्या लघवीतले जंतू रक्तात पसरतात.

लघवी तुंबून ओटीपोट टणक झालं, तर पाणी पाजत बसू नका, नळी घालावी लागते. लघवीतून रक्ताच्या गाठी पडल्या तरी थांबू नका.

जीव तुटतो तो पोरांसाठी. बारा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या एका गोटीत (वृषणात) अचानक जोरात दुखलं, उलटी झाली, तर तिला पीळ पडलेला असू शकतो. 6 तासांच्या आत ऑपरेशन झालं तर ती बहुधा वाचते. पोरं लाजून नुसतं 'पोटात दुखतंय' म्हणतात; तुम्हीच स्पष्ट विचारा. गाडी नसेल तर 108 ला फोन लावा.