१९०३चा पनामा करार कसा वाचावा

पनामा कालव्याचा करार एकटा वाचला तर निम्माच कळतो. त्याच्या शेजारी जानेवारी १९०३चा हे-एर्रान करार ठेवा. तो अमेरिका आणि कोलंबिया यांच्यातला; पनामा तेव्हा कोलंबियाचाच भाग होता. ऑगस्टमध्ये कोलंबियाच्या सिनेटने तो फेटाळला. प्रत्यक्षात आलेला करार १८ नोव्हेंबरचा, अमेरिका आणि नुकताच कोलंबियापासून फुटून निघालेला पनामा यांच्यातला. जमिनीची दोन कागदपत्रं ताडून पाहतो, तसे हे दोन्ही कलमवार ताडायचे.

आधी रक्कम पाहा. दोन्हींत रोख एक कोटी डॉलर आणि दरवर्षी अडीच लाख. भाव तोच, आता पदरात काय पडलं ते मोजा. कालव्यासाठीच्या जमिनीचा पट्टा १० किलोमीटर रुंद होता, तो १० मैल, म्हणजे सुमारे १६ किलोमीटर झाला. मुदत १०० वर्षांची होती (नूतनीकरण मात्र अमेरिकेच्याच मर्जीवर), ती कायमची झाली. आपल्या जुन्या दानपत्रांतल्या ‘आचंद्रार्क’सारखी.

सगळ्यात जास्त वेळ नव्या कराराच्या तिसऱ्या कलमाला द्या. पहिल्या करारात कोलंबियाच्या सार्वभौमत्वाला बाध येणार नाही, असं स्पष्ट म्हटलं होतं. नव्या करारात अमेरिका ‘सार्वभौम असती तर’ तिला जे अधिकार असते, ते सगळे तिला मिळतात आणि पनामाने ते वापरायचे नाहीत. इथेच परीक्षेतली उत्तरं चुकतात: ‘अमेरिकेने सार्वभौमत्व विकत घेतलं’ असं लिहिलं जातं. कलम तसं म्हणत नाही. त्या ‘असती तर’वरून पुढे १९७७च्या करारांपर्यंत, म्हणजे कालवा पनामाकडे सोपवायचं ठरेपर्यंत, भांडण चाललं.

मग सह्या. पनामाच्या वतीने सही केली ब्युनो-व्हारिया या फ्रेंच माणसाने. पनामाचे प्रतिनिधी वॉशिंग्टनला पोहोचले तोवर सही होऊन गेली होती.

तारखा वेगळ्या कागदावर मांडा. २ नोव्हेंबरला ‘नॅशव्हिल’ ही अमेरिकी युद्धनौका पनामातल्या कोलोन बंदराला आली. ३ला तिथे कोलंबियाचं सैन्य उतरलं. रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी सेनापतींना तेवढं पनामा शहरात नेलं, शिपायांना गाडीच दिली नाही. त्याच संध्याकाळी पनामाच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली. ६ला अमेरिकेची मान्यता. आता १८४६च्या कराराचं ३५वं कलम काढा: पनामाच्या संयोगभूमीवरच्या न्यू ग्रॅनाडाच्या, म्हणजे पुढच्या कोलंबियाच्या, सार्वभौमत्वाची हमी अमेरिकेनेच दिली होती. आणि अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी आपल्या कृतीसाठी आधार घेतला तोही याच कराराचा. हे कलम गाळलं तर कोलंबियाचा संताप समजणारच नाही.

रूझवेल्टची पुरवणी (अमेरिका खंडांत युरोपने ढवळाढवळ करू नये, या मन्रो सिद्धान्ताला त्यांनी दिलेली जोड) पनामाचं कारण म्हणून देऊ नका. ती डिसेंबर १९०४ची, म्हणजे वर्षभर नंतरची. शिवाय तो काँग्रेसला दिलेला वार्षिक संदेश आहे, करार किंवा कायदा नव्हे. तिच्यामागे व्हेनेझुएला आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक यांच्या कर्जांचा प्रश्न होता.

शेवटी १९२१ पाहा. पनामा गेल्याबद्दल कोलंबियाला अडीच कोटी डॉलर देण्याच्या कराराला त्या वर्षी अमेरिकी सिनेटने मान्यता दिली. हा करार १९१४च्या मूळ संहितेशी ताडा. तिथे अमेरिकेने खेद व्यक्त केला होता. मंजूर झालेल्या संहितेतून तेवढं वाक्य काढलेलं दिसेल.