मधुमेहाची माहिती देणारी वेबसाइट भरवशाची आहे का, हे कसं तपासावं

रिपोर्टवर साखर वाढलेली दिसली की दवाखान्यातून घरी पोचेपर्यंत मोबाइलवर शोधाशोध सुरू झालेली असते. मराठीत ‘शुगर कमी करण्याचे उपाय’ एवढं टाकलं तरी पानंच्या पानं उघडतात. त्यातली काही खरंच उपयोगी असतात, काही अर्धवट असतात आणि काही फक्त पावडर किंवा काढा विकण्यासाठी लिहिलेली असतात. मजकूर एकमेकांसारखाच असल्यामुळे नुसतं वाचून फरक कळत नाही. तो शोधायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, आणि आजार आपल्या माणसाचा असेल तर ती द्यायलाच हवीत.

शोधनिकालांत सर्वात वर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं दिसलं तर ती पैसे देऊन लावलेली जाहिरात आहे. ती सोडून खाली या. साइटचा पत्ता दिसतो त्या पट्टीतल्या कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नका. साइट आणि तुमचा फोन यांच्यातली देवाणघेवाण मधे कुणाला वाचता येत नाही, एवढंच ते सांगतं. लोक त्याचा अर्थ ‘साइट खरी’ असा घेतात म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्ह काढूनही टाकलं.

आता बोलतंय कोण ते पाहा. पानाच्या तळाशी ‘आमच्याविषयी’ असतं, तिथे जा. ‘अनुभवी तज्ज्ञांची टीम’ ही ओळख नव्हे. लेखकाचं पूर्ण नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक हवा. महाराष्ट्रातल्या एमबीबीएस, एमडी डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते आणि कौन्सिलच्या साइटवर नाव टाकून ती तपासता येते. बीएएमएस वैद्यांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरांचा फोटो असेल तर तो गूगल लेन्समध्ये (फोटोवरून शोधणाऱ्या सोयीत) टाका. तोच चेहरा निरनिराळ्या नावांनी दात, केस आणि गुडघेदुखीच्या जाहिरातींत दिसला, तर पुढे वाचायचं कारण उरत नाही.

यानंतरची पायरी मला सर्वात महत्त्वाची वाटते: साइटवरून बाहेर पडा. साइट स्वतःबद्दल चांगलंच सांगणार, म्हणून इतर लोक तिच्याबद्दल काय म्हणतात ते शोधा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात इतिहास विषयात पीएचडी केलेले १० अभ्यासक, माहितीची सत्यता तपासणारे १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर आणि २५ विद्यार्थी होते. त्यांना बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांच्या साइट दाखवल्या. एक संस्था १९३० पासूनची, हजारो सदस्यांची. दुसरी २००२ मध्ये तिच्यातून फुटलेला छोटा गट, पण नाव जवळपास तसंच. विद्यार्थी आणि कित्येक इतिहास अभ्यासकही त्याच पानावर लोगो, मांडणी, संदर्भ न्याहाळत बसले आणि फसले. फॅक्ट-चेकर मात्र लगेच नवीन टॅब उघडून संस्थेचं नाव शोधू लागले आणि खरा प्रकार त्यांना चटकन कळला. तुम्हीही तेच करा. साइटचं किंवा औषधाचं नाव टाकून पुढे ‘तक्रार’ किंवा ‘कारवाई’ हा शब्द जोडा.

मग पैसा कुठून येतो ते बघा. लेख कारल्यावर किंवा जांभळाच्या बियांवर असतो आणि शेवटी ‘ऑर्डर करण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप करा’ असं बटण येतं. अशा लेखात उत्पादनाच्या विरोधात एक ओळही सापडणार नाही. ‘एफएसएसएआय मान्यताप्राप्त’ या शिक्क्याने तर भलेभले गोंधळतात. तो १४ आकडी क्रमांक अन्नपदार्थाच्या व्यवसायाचा परवाना आहे. लोणच्याच्या बरणीवरही तो असतो. त्याने मधुमेहावरचा गुण सिद्ध होत नाही. आणि ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी हमी दिसली की तिथेच थांबा. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात मधुमेहाचं नाव आहे. त्यावर इलाज असल्याची अशी जाहिरात करायलाच बंदी आहे. कायदा मोडून औषध विकणाऱ्याकडून आरोग्याचा सल्ला कशाला घ्यायचा?

एवढं पार पडलं तर साइटचा एखादा दावा निवडा आणि तो मुळापर्यंत नेऊन पाहा. समजा लिहिलंय, ‘सात दिवसांत एचबीएवनसी ११ वरून ६’. या तपासणीला आपण ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतो. लाल रक्तपेशींना चिकटलेली साखर ती मोजते आणि या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. आठवड्यात रोजची साखर कितीही खाली आली, तरी जुन्या पेशी रक्तात असतातच, त्यामुळे आकडा असा कोसळत नाही. दावा करणाऱ्याला ही तपासणीच समजलेली नाही, किंवा समजूनही तो खोटं बोलतो आहे.

‘संशोधनाने सिद्ध’ लिहिलं असेल तर कुठलं संशोधन, ते पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांची यादी असलेल्या साइटवर शोधा. तिथे सारांश फुकट वाचता येतो. प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, किती जणांवर आणि किती दिवस, एवढं पाहिलं तरी पुष्कळ उलगडतं. लेखाची तारीखही बघा.

चांगली साइट ओळखण्याची एक खूण म्हणजे ती मर्यादा सांगते: मेथीदाण्यांनी थोडा फरक पडू शकतो, पण चालू गोळ्यांबरोबर घेताना साखर फार खाली जात नाही ना ते पाहा, डॉक्टरांना विचारा. गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करायला सांगणारी साइट मात्र इतर सगळ्या कसोट्यांवर उतरली तरी बंद करा. टाइप १ मधुमेहात (यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळपास तयारच करत नाही) इन्सुलिन थांबलं तर काही दिवसांतच जिवावर बेतू शकतं.

तरीही एखादा उपाय करून पाहावासा वाटला तर त्या पानाचा आणि बाटलीवरच्या घटकांच्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या आणि पुढच्या भेटीत चालू गोळ्यांच्या चिठ्ठीसोबत तो डॉक्टरांसमोर ठेवा.