रिकामा बसलेला लॅपटॉप तापतोय? पेस्ट बदलण्याआधी हे करा

लॅपटॉपवर काही चालू नाही, तरी पंखा घोंघावतोय आणि कीबोर्डच्या वरची पट्टी हाताला गरम लागतेय. कोणालाही सांगा, सल्ला ठरलेला: ‘थर्मल पेस्ट बदलून घे.’ (म्हणजे प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक यांच्यामधला लेप.) आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! प्रोसेसर खरंच रिकामा असेल तर तो मोजकेच वॅट खातो, आणि तेवढी उष्णता वाळकी पेस्टही बाहेर काढते. पेस्टचं दुखणं उघडं पडतं ते गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगचा भार आल्यावर. काही न करता लॅपटॉप तापतोय म्हणजे बहुतेक वेळा आत कोणीतरी गुपचूप राबतंय. त्याला पकडायचं. (पुढचं सगळं विंडोजचं आहे.)

लॅपटॉप टेबलावर ठेवा, चार्जर काढा, सुरू करून पंधरा मिनिटं थांबा आणि एखाद्या साध्या ॲपने तापमान बघा. ३५ ते ५० अंश सेल्सिअस असेल तर बाकीचं वाचू नका, काही बिघडलेलं नाही. धातूची बॉडी हाताला जास्तच गरम लागते. मात्र टचपॅड उचलला गेलाय किंवा तळ फुगलाय असं दिसलं तर लगेच बंद करा. ती फुगलेली बॅटरी असते. तिला दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्जिंगलाही लावू नका.

आता खरं काम. टास्क मॅनेजर उघडून सीपीयूच्या रकान्यात वर कोण आहे ते बघा, इतकं सगळेच सांगतात. मीही कित्येक आठवडे तेच करत होतो आणि दोन्ही बाजूंनी फसत होतो.

पहिली फसगत टक्क्यांची. आठ थ्रेडच्या (म्हणजे एका वेळी आठ कामं पेलणाऱ्या) प्रोसेसरवर एखादा प्रोग्राम एक थ्रेड अख्खा अडवून बसला, तर आकडा दिसतो १२-१३ टक्के. सोळा थ्रेड असतील तर जेमतेम ६. आपण ‘किरकोळ आहे’ म्हणून सोडून देतो आणि तिकडे एक कोर जीव तोडून पळत असतो. दुसरी फसगत त्याहून वाईट. विंडोजची देखभालीची बरीच कामं तुम्ही जागेवर नसतानाच चालतात आणि माउस हलला की आवरती घेतात. म्हणजे बघायला गेलात की घरात सगळे साळसूद!

म्हणून क्षणाचा आकडा बघूच नका, हिशेब बघा. टास्क मॅनेजरमध्ये ‘डिटेल्स’वर जा, रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करा, ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘सीपीयू टाइम’ निवडा. सुरू झाल्यापासून कोणी किती वेळ प्रोसेसर वापरला ते इथे तासा-मिनिटांत दिसतं. वरच्या पाच-सहा नोंदींचा फोटो काढा, लॅपटॉप झोपणार नाही असं सेटिंग करा आणि अर्धा तास उठून जा. परत आल्यावर कोणाचा आकडा फुगलाय ते बघा. ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’चा आकडा प्रचंड असेल, घाबरू नका. तो रिकाम्या वेळेचाच हिशेब आहे.

माझ्याकडे निघाला प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा विंडोजचा प्रोग्राम. चाळीस मिनिटांत त्याच्या नावावर सदतीस मिनिटं चढली होती. कधीच देऊन टाकलेल्या प्रिंटरसाठी एक पान रांगेत अडकलं होतं आणि बिचारा ते पुन्हा पुन्हा छापू बघत होता. त्या पानापायी मी पेस्ट दोनदा बदलली होती. रांग रिकामी केली, पंखा गप्प.

अँटिव्हायरस, सर्च इंडेक्सर (शोधासाठी फायलींची यादी करणारा) किंवा अपडेट सापडलं तर मारू नका, रात्रभर चार्जरवर ठेवून काम पुरं होऊ द्या. आठवडाभर तेच चाललं तरच शंका घ्या. ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ (उपकरणं प्रोसेसरला मारतात त्या हाकांचा हिशेब) सीपीयूच्या रकान्यात सतत दोन टक्क्यांच्या वर असेल तर यूएसबीला लावलेली उपकरणं एकेक करून काढा, नंतर ड्रायव्हरकडे, म्हणजे उपकरणं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळा. आणि ‘लॅपटॉप थंड करणारी’ सॉफ्टवेअर टाकू नका, तो आणखी एक चोर घरात घेणं झालं.

चोर सापडलाच नाही तर पॉवर प्लॅनमधला ‘मिनिमम प्रोसेसर स्टेट’ १०० टक्के ठेवलेला नाही ना, बघा. ५ पुरे. बाहेरचा मॉनिटर काढूनही बघा. काही लॅपटॉपमध्ये तो जोडला की वेगळं ग्राफिक्स कार्ड जागंच राहतं.

यानंतरच स्क्रूड्रायव्हर. धूळ नुसती जाळीवर बसत नाही, पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी जमते. बाहेरून फुंकर मारलीत तर ती आणखी आत जाते. बॅटरीची जोडणी काढून तळ उघडा, पंखा बोटाने धरून ठेवा आणि आतून बाहेर हवा मारा. पंखा मोकळा सोडलात तर तो भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं.

पेस्ट सगळ्यांत शेवटी, आणि हीटसिंकचे स्क्रू त्यांच्या शेजारी छापलेल्या आकड्यांच्याच क्रमाने आवळा.