खिमा भरलेलं पडवळ बिघडतं कुठे? या चुका टाळा

खिमा भरलेलं पडवळ म्हणजे रात्रीचं हलकं, पोटभर जेवण, आणि खरं तर सोपं काम. तरी दरवर्षी गौरी-गणपती गेले की त्याच तक्रारी कानावर येतात. पाणी सुटलं, सारण बाहेर आलं, खिमा चिवट झाला. प्रत्येकीला आपलं दुखणं वेगळं वाटतं, पण मूळ एकच आहे. १०० ग्रॅम पडवळात ९० ग्रॅमपेक्षा जास्त पाणीच असतं, आणि बिनचरबीचा खिमा शिजताना स्वतःच्या अंगचं पाणीही धरून ठेवत नाही. दोघं एकत्र येण्याआधी दोघांचा वेगवेगळा बंदोबस्त करावा लागतो. तो न करता भांडं गॅसवर चढवलं की मग कितीही धावपळ केली तरी सावरत नाही.

पहिली चूक वेलाच्या मांडवाखालीच होते. सणाच्या गडबडीत वेलाकडे कुणाचं लक्ष नसतं. पाहुणे गेल्यावर बघावं तर पडवळं मनगटाहून जाड झालेली. ‘आत जागा जास्त आहे, भरायला बरी’ म्हणून नेमकी तीच काढली जातात. जून पडवळाची साल शिजून मऊ होत नाही आणि आतले दोरे दातात येतात. नख सहज रुतलं तरच पडवळ घ्या. शेपटाला दगड बांधून सरळ वाढवलेलं कोवळं पडवळ यासाठी उत्तम, कारण सरळ नळीत सारण सगळीकडे सारखं बसतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण श्वेता’ ही पांढरी जात परसात असेल तर दुसरीकडे बघूच नका.

चिरल्यावर एक कच्चा तुकडा जिभेला लावायचाच. कडू लागला तर अख्खं पडवळ टाकून द्या. काकडी, दुधी, पडवळ या कुळातल्या भाज्यांचा अनैसर्गिक कडवटपणा कुकरबिटॅसिनमुळे येतो आणि ते शिजवल्याने नाहीसं होत नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. ‘मसाल्यात कळणार नाही’ असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आता पाण्याकडे येऊ, कारण निम्म्याहून जास्त जेवणं इथेच बुडतात.

मागे एकदा गणपतीनंतर माझा पुतण्या चार दिवस जास्त राहिला. व्यायामशाळेत जाणारा मुलगा. तेल नको, खोबरं नको, फक्त कोंबडीच्या छातीचा खिमा, असा त्याचा आग्रह. मी दुसऱ्या कामात होते, स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात. त्याने पडवळाचे वीतभर तुकडे केले, खिम्यात मीठ-मसाला घालून गच्च भरले, कढईत आडवे ठेवले, वरून पुन्हा मीठ भुरभुरवलं आणि झाकण घातलं. दहाएक मिनिटांनी झाकण खडखडायला लागलं. उघडून बघतो तर तुकडे अर्धे पाण्यात, आणि दोन्ही तोंडांतून करडा-पांढरा फेस बाहेर येत होता. तो फेस म्हणजे खिम्याचा रस, म्हणजेच चव, आणि तो सगळा कढईत चालला होता. पाणी आटवायला त्याने आच मोठी केली. एक तुकडा कापून बघितला तर मधोमध खिमा गुलाबी, कच्चा. पुन्हा झाकण. मग चिमट्याने उचलायला गेला तर पडवळाची साल चिमट्याला चिकटून आली आणि आतला खिमा आकसून गोट्यासारखा घरंगळत कढईत पडला. “काकी, यात मी पाण्याचा थेंबही घातला नव्हता,” तो म्हणाला. ते खरंच होतं. भाऊजींनी त्या रात्री भाकरी लोणच्याशी खाल्ली.

घाई तर होतीच, पण नेमकं चुकलं ते हे. वीतभर तुकड्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचेतो कडा शिजून गळून जातात. मीठ भाजीवर पडलं आणि लगेच उष्णता मिळाली, त्यामुळे सगळं पाणी एकदम भांड्यात आलं. आणि कढईच्या तळाशी त्या पाण्याला बाहेर जायला वाटच नव्हती.

माझी सवय अशी. सुरीच्या पाठीने सालीवरची पांढरी लव खरवडून घ्यायची. दोन-दोन इंचांचे तुकडे करायचे. चमच्याच्या दांड्याने बिया आणि आतला कापूस काढायचा. कोवळ्या बिया टाकू नका, त्यांची चटणी होते. मग आतून बोटाने मीठ चोळून तुकडे चाळणीत उभे ठेवायचे. उभेच, कारण आडव्या तुकड्यात पाणी आतच साठून राहतं. वीस मिनिटांनी खाली ताटलीत जमलेलं पाणी बघा, म्हणजे पटेल. त्यानंतर प्रत्येक तुकडा आतून सुती फडक्याने कोरडा करायचा. हे फडक्याचं काम सगळे टाळतात. दहा-बारा तुकडे पुसायला किती वेळ लागतो? तेवढा धीर नसेल त्यांनी पडवळाची डाळ घालून भाजी करावी, तीही चांगलीच लागते.

शिजवायला कढई नको, मोदकपात्र घ्या. जाळीवर केळीच्या पानाचा तुकडा, त्याला चार भोकं पाडलेली, आणि त्यावर पडवळाचे तुकडे उभे. सुटलेलं पाणी जाळीखाली जातं, तुकडे कोरडे राहतात. झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी थेंब थेंब सारणावर पडत राहतं. उकडीचे मोदक करणाऱ्या घरात हे सांगावं लागू नये, पण भाजी म्हटली की लोक हे विसरतात.

खिम्याचं दुखणं वेगळं. छातीच्या खिम्याला चरबी जवळजवळ नसते, म्हणून तो मटणाच्या खिम्यासारखा वागवला की भुसा होतो. मी निम्मी छाती आणि निम्मी मांडी, दोन्ही कातडी काढून, समोर दळून घेते. आधीच दळून ठेवलेला खिमा घेत नाही. त्यात कातडी किती आणि चरबी किती, हे कुणालाच सांगता येत नाही. मटण हवं असेल तर रानेचं, म्हणजे मांडीचं घ्या आणि वरची चरबी काढायला लावा. “वहिनी, थोडी राहू दे, चव येते,” असं खाटीक म्हणणारच. थोडी राहू द्या, बाकीची काढाच.

पाव किलो खिम्याला मूठभर पातळ पोहे, धुऊन निथळलेले. पोहे नसतील तर उकड्या तांदळाचा दोन चमचे भात कुस्करून घाला. खिमा आकसताना जो रस सोडतो तो हे पोहे पितात, आणि म्हणून सारण ओलसर राहतं. बारीक चिरलेला कांदा, आलं-लसूण, मिरची, कोथिंबीर, हळद, चमचाभर मालवणी मसाला, दोन चमचे भाजलेलं खोबरं आणि एक चमचा तेल. हा एक चमचा वगळून कुणाची तब्येत सुधारत नाही, जेवण मात्र नक्की बिघडतं. हलकं जेवायचं असेल तर दोन चमचे खोबऱ्याचा हिशेब करण्याआधी शेजारच्या वाटीतल्या सोलकढीत नारळाचं दूध किती आहे ते बघा.

आणि खिमा मळू नका! मीठ घालून कणकेसारखा तिंबला की मांस चिकट होतं आणि शिजल्यावर रबरासारखं ताणतं. मीठ सगळ्यात शेवटी, पडवळाला लावलेलं लक्षात धरून कमीच, आणि बोटांच्या टोकांनी जेमतेम एकत्र होईल इतकंच कालवायचं. मिठानंतर लगेच भरा. आंबट या वेळी अजिबात नको, आमसूल सारणात चिरून घातलं की तिथला खिमा घट्ट होतो. ते नंतर, शेवटच्या परतण्यात घालायचं.

भरताना गच्च दाबू नका, वरून जरा जागा सोडा.

मोदकपात्रातलं पाणी उकळल्यावरच तुकडे आत ठेवा. वीस मिनिटं मध्यम आचेवर, झाकण न उघडता. शिजलं का, हे रंगावरून ठरवू नका, रंग फसवतो. माझ्याकडे मांसात खुपसायचा थर्मामीटर आहे. कोंबडीच्या खिम्याला मधोमध ७४ अंश सेल्सियस आणि मटणाच्या खिम्याला ७१ अंश आले की काम झालं. तो नसेल तर सगळ्यात जाड तुकडा मधून कापा. आतून वाफ आली पाहिजे, रस स्वच्छ हवा आणि सारणात कुठेही मऊ, कच्चा भाग नको. शंका आली तर आणखी पाच मिनिटं.

खिमा सकाळी अर्धवट शिजवून ठेवायचा आणि संध्याकाळी भरायचा, ही युक्ती मला पटत नाही. कोमट, अर्धकच्चं मांस तासन् तास राहिलं की त्यात जंतू वाढतात, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तर दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवूच नये. आधी शिजवायचाच असेल तर पूर्ण शिजवा. जाड दुधीत भरताना मी तेच करते, कारण तिथे मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला वेळ लागतो. गोठवलेला खिमाही ओट्यावर सोडू नका, आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा.

वाफवल्यावर पाच मिनिटं हात लावू नका. मग लोखंडी तवा चांगला तापवून चमचाभर तेलावर दोन्ही तोंडं लालसर करा. मसाला तव्यावर कोरडा टाकू नका, जळून कडू होतो. दोन आमसुलं कोमट पाण्यात कुस्करून ते पाणी शेवटी कडेने सोडा, चुर्र आवाज येऊन तव्यावरच आटलं पाहिजे. तांदळाच्या भाकरीबरोबर लगेच वाढा. उरलेलं फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफेवरच, मधोमध चटका बसेल इतकं गरम करून.