गेरू, डिंक आणि मोबाइल: चित्रकथा हलती करताना या चुका टाळा

पैठणच्या जुन्या चित्रकथीत चित्र जागचं हलत नसे. कथेकरी एकेक चित्र समोर धरायचा, गोष्ट पुढे न्यायचा तो आवाज. आता त्याच शैलीत मोबाइलवर स्टॉप मोशन, म्हणजे चित्र जरा जरा सरकवत फोटो काढून त्यांची फिल्म, करणारी पोरं पहिल्या दिवसापासून सगळंच हलवायला निघतात. सेकंदाला 12 फोटो धरले तरी मिनिटाला 720 होतात. रावणाची दहाही तोंडं कशाला हलवायची? एक हात उचला, एखादा डोळा फिरवा. बाकीचं सांगणाऱ्यावर सोडा, त्याला ते जमतं.

खरी डोकेदुखी रंगाची. ओला गेरू गडद दिसतो, वाळला की फिकटतो. अर्धवट ओल्या चित्राचे फोटो काढत बसलात तर पडद्यावर रंग लुकलुकतो आणि बोल मोबाइलला लागतो. वाळल्यावर बोट फिरवून बघा. लाल भुकटी लागली तर रंगात कालवलेला डिंक कमी पडला, बारीक तडे गेले तर जास्त झाला. हळदीच्या नादी लागू नका. उन्हात तिचा रंग उडतो, आणि शेजारी ओला चुना असेल तर कडेनं लाल होते. कुंकू तसंच तर करतात. अजिंठ्यात पिवळ्यासाठी पिवळी माती आहे, तीच घ्या.

मोबाइलवाल्यांची हमखास चूक म्हणजे ऑटो मोड. चौकटभर गेरू दिसला की कॅमेऱ्याला उजेडच तांबूस वाटतो, मग तो चित्र निळसर करून ठेवतो. प्रो मोडमध्ये, म्हणजे हातानं सेटिंग करायच्या मोडमध्ये, जाऊन व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा), एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), फोकस तिन्ही पक्के करा. दिव्याखाली पट्टे दिसत असतील तर शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर आणा, आपली वीज 50 हर्ट्झची आहे. खिडकीचा उजेड नको, एक ढग आला की मेहनत पाण्यात. लाइटचा भरवसा नसेल तिथे चार्जिंगचा एलईडी बरा.

कागद वाकतो? रंगवण्याआधीच चारही कडा कागदी चिकटपट्टीनं फळीवर ताणून बसवा. कातरलेली पात्रं उडतात म्हणून पंखा बंदच ठेवावा लागतो, त्यामुळे मे महिन्यात हे काम पहाटेचंच.

निवेदन पुस्तकी मराठीत वाचू नका. ‘लई दूर व्हतं ते रान’ असं आजी सांगते तसंच येऊ द्या. आणि तयार फिल्म व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर गेरूची बारीक रेघ पुसट होऊन पोचते.